मधुनाशिनीच्या वेलापर्यंत: राजाजीनगर, मागडी, जिगणी आणि अप्पांचा हिरवा डबा

अप्पांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात, हे मला आईकडून कळलं. तेही पोळ्या लाटता लाटता, सहज सांगितल्यासारखं.

"महिना झाला की. तुझ्या अप्पांना आता तो हिरवा डबा भेटलाय."

माझे वडील, म्हणजे अप्पा, एकाहत्तर वर्षांचे. खानापूरच्या हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले मास्तर. गेल्या पावसाळ्यापासून ते आणि आई सर्जापूर रोडवर आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेत. हिरवा डबा त्यांनी फोनवरचा एक व्हिडिओ बघून मागवला होता. डब्यावर वेलीचं चित्र, खाली 'मधुनाशिनीचा शुद्ध अर्क' अशी ओळ आणि एक मोबाइल नंबर. पत्ता नाही, कंपनीचं नाव नाही. रोज सकाळी अर्धा चमचा कोमट पाण्यातून.

आता गंमत अशी की त्याचा गुण येत होता! उपाशीपोटीची साखर आधी एकशे नव्वदच्या आसपास असायची, ती नव्वदवर आलेली. अप्पा रोजचा आकडा कॅलेंडरवर लाल पेनानं लिहायचे आणि मला बोलावून दाखवायचे.

"बघ की मीने. आकडे खोटं बोलतात काय?"

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आकड्यांपुढे मी गप्प बसते. पण दोनदा असं झालं, की डिसेंबरच्या थंडीत अप्पा सकाळी फिरून आले ते घामानं निथळत, आणि त्यांच्या हातातली कपबशी खडखड वाजत होती. विचारलं तर म्हणाले, "जुनं विष बाहेर पडतंय." आणि काळजी त्यांच्या एकट्याची नव्हती. एचएसआर लेआउटच्या ज्या बागेत ते फिरायला जातात, तिथल्या सात जणांना त्यांनी हा डबा घ्यायला लावला होता.

शेवटी एका संध्याकाळी मी वेगळा प्रश्न विचारला. "अप्पा, ही मधुनाशिनी दिसते कशी? कुठं होते?"

ते थांबले. "बेडकीचा पाला म्हणतात आपल्याकडं. पण मी काय बघितलेला नाही."

"न बघता घेता?"

हे त्यांना लागलं. तीस वर्षं मुलांना 'स्वतः बघा, मग लिहा' सांगणारा माणूस! पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "चल. जाऊन बघू."

मग ठरलं असं. वेल बघायचा, पाला सुकवतात ती जागा बघायची, अर्क काढतात ती जागाही बघायची. सगळं ठीक निघालं तर मी गोळ्यांचा विषय पुन्हा काढणार नाही. ठीक निघालं नाही, तर अप्पा माझ्यासोबत डॉक्टरांकडे येतील. आई साक्षीदार. माझी एकच अट होती, साखर मोजायचं यंत्र माझ्या पिशवीत राहील. मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली.

या ब्लॉगवर मी एरवी धबधबे आणि डोंगर लिहिते, तुम्हाला माहीत आहे. ही सहल वेगळी आहे, पण रस्ते, इडल्या आणि डोंगर यातही आहेत.

गुरुवार: राजाजीनगर

सर्जापूर रोडवरून राजाजीनगरला गाडीनं जायचा विचार कामाच्या दिवशी करू नका. आम्ही रिक्षानं सिल्क बोर्डला गेलो, तिथून मेट्रोची यलो लाइन पकडली, आर. व्ही. रोडला ग्रीन लाइन बदलली आणि थेट राजाजीनगरला उतरलो. खाली सिग्नलला तुंबलेल्या गाड्या बघत वरून निघून जाण्यात जे सुख आहे, ते या शहरात राहणाऱ्यांनाच कळेल. अप्पा खिडकीला कपाळ लावून बसले होते. श्रीरामपुराच्या आसपास दाटीवाटीच्या गच्च्या सुरू झाल्या, वाळत घातलेल्या मिरच्या, पाण्याच्या टाक्या, आणि ते एकदम म्हणाले, "हे बेंगळूर मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, सगळं तुमच्या सर्जापूरसारखं काचेचंच असणार."

राजाजीनगरला माझ्या मैत्रिणीचं, रूपाचं माहेर आहे. तिचं घराणं चार पिढ्यांपासून इथलं मराठी. घरात मराठी बोलतात, पण ती अशी की निम्मे शब्द कन्नड. तिचा थोरला भाऊ प्रकाशअण्णा 'ग्रंथिगे अंगडी' चालवतो, म्हणजे पूजेचं सामान आणि औषधी पाला-मुळ्या-साली यांचं दुकान. दारातच वाळा, कापूर आणि हिरड्याचा मिसळलेला वास येतो. भिंतीभर लाकडी खण, प्रत्येकावर कन्नडमध्ये चिठ्ठी. मी सगळे वाचत बसले असते.

प्रकाशअण्णानं एक खण ओढला आणि मूठभर वाळलेली पानं कागदावर ठेवली. फिकट हिरवी, अंगठ्याएवढी, हाताला किंचित लवदार.

"ही मधुनाशिनी, सर."

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून पानं निरखली, मग पिशवीतून डबा काढून शेजारी ठेवला. प्रकाशअण्णानं चिमूटभर पूड तळहातावर घेतली आणि मान हलवली.

"कुठली ते सांगता येत नाही. पण सर, पाला इतका फास्ट काम करत नाही. माझ्याकडं वीस-वीस वर्षं नेणारे आहेत. थोडी मदत होते म्हणतात, गोळ्यांबरोबर. गोळ्या सोडून नव्हे."

"हा नुसता पाला नाही, अर्क आहे," अप्पा ताठ आवाजात म्हणाले. "पाण्यातून मीठ वेगळं केलं की ते जास्त खारट लागतं. तसं."

प्रकाशअण्णा हसला. वाद घातला नाही. पाला ज्या बाईंकडून येतो त्यांचं गाव आणि नाव त्यानं कागदावर लिहून दिलं. गौरम्मा, मागडीच्या अलीकडे, सावनदुर्गच्या बाजूला. तिथंच फोन लावून आम्ही येणार म्हणून सांगूनही टाकलं. "आणि अर्क बघायचा तर रूपाकडं जा. तिच्या फॅक्टरीत तेच करतात."

दुपारी जवळच्याच एका जुन्या हॉटेलात जेवलो. अक्की रोट्टी, म्हणजे तांदळाची भाकरी घ्या, सोबत अवरेकाळूचा सारू, म्हणजे पातळ रस्सा. अवरेकाळू म्हणजे आपले ताजे वाल, आणि डिसेंबर-जानेवारीत या शहराला त्याचं वेडच लागतं. अप्पांनी दोन रोट्ट्या खाल्ल्या आणि घरी येऊन आईला म्हणाले, "दुकानदाराला अर्क म्हणजे काय ते माहीत नाही." पण रात्री ते डब्यावरचं बारीक अक्षर भिंग घेऊन वाचत होते, हे मी पाहिलं.

शुक्रवार: मागडी रस्ता

सहाला निघा. सातनंतर निघालात तर सुमनहळ्ळीच्या पुलाखालीच तुमची सकाळ संपेल. तावरेकेरेच्या पुढे रस्ता मोकळा होतो, दोन्हीकडे नाचणीची कापलेली शेतं, वडाची झाडं, आणि मग अचानक समोर सावनदुर्ग. एकच एक अखंड खडक, इतका मोठा की आधी तो ढगच वाटतो. अप्पांनी गाडी थांबवायला लावली. पाच मिनिटं नुसते बघत उभे राहिले.

वाटेत पत्र्याच्या टपरीवर तट्टे इडली. ताटलीएवढी पसरट, वर लोण्याचा गोळा. दोघांचा नाश्ता चहासकट दीडशेच्या आत. मी दोन खाल्ल्या. अप्पांनी अर्धीच खाल्ली. वर मला अभिमानानं सांगितलं, की आज लांबचा प्रवास म्हणून त्यांनी घरून निघताना अर्ध्याऐवजी पाऊण चमचा पूड घेतली आहे. मी तिथंच जोर करून आणखी खायला लावायला हवं होतं. नाही लावलं.

गौरम्मांचं शेत मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. शेवटचा तुकडा मातीचा, पण साधी गाडी जाते. गौरम्मा पंचावन्नच्या असतील. उंच, सावळ्या, बोलणं थोडं आणि थेट. आम्ही खानापूरचे, त्यामुळे कन्नडची अडचण नाही. अप्पांचं कन्नड तर माझ्याहून चांगलं.

आणि मग तो वेल! दगडी खांब, त्यावर तारा, आणि तारांवर चढलेल्या मधुनाशिनीच्या रांगाच रांगा. समोरासमोर जोडीनं आलेली पानं, मध्येच बारीक पिवळट फुलांचे झुबके. चार बायका पानं खुडून टोपल्यात टाकत होत्या. सुकवायची जागा म्हणजे गवतानं शाकारलेली लांब पडवी, आत जाळ्यांवर पानं पसरलेली. गौरम्मा म्हणाल्या, "उन्हात वाळवली की रंग जातो, गुणही जातो. सावलीत पाच-सहा दिवस. देठ वेगळे काढायचे. घेणारे तपासून घेतात, देठ दिसला की पोतं परत."

अप्पा खुलले होते. प्रश्नावर प्रश्न. पाणी किती, छाटणी कधी, कीड कुठली. वर्गातले अप्पा मी लहानपणी पाहिलेत, ते असेच असायचे.

"चाखून बघा, मास्तर," म्हणत गौरम्मांनी दोन ताजी पानं खुडून दिली. "नीट चावा. जिभेवर सगळीकडं फिरवा."

आम्ही दोघांनीही चावली. कडवट, गवतासारखी चव. मग त्यांनी आमच्या तळहातावर चिमूट-चिमूट साखर ठेवली. मी ती तोंडात टाकली आणि चक्रावलेच. साखर नव्हतीच ती! जिभेवर वाळू पडावी तसे नुसते खरखरीत कण. गोडाचा मागमूस नाही. अप्पा तर लहान मुलासारखे हसत सुटले. "मधुनाशिनी! नावातच आहे की सगळं!" त्यांनी पुन्हा साखर घेतली, पुन्हा वाळू, पुन्हा हसू. वाचकहो, एवढ्या एका अनुभवासाठी मागडीला जा.

त्यानंतर अप्पा शेताच्या टोकापर्यंत रांगा बघत गेले. उन्हं वर आली होती. मी फोटो काढत मागे राहिले होते, आणि परत वळलेले अप्पा मला विचित्र चालताना दिसले. पाय टाकायचे एकीकडे, पडायचे दुसरीकडे. जवळ गेले तर शर्ट ओला, ओठ पांढरे.

"अप्पा?"

"हेडमास्तरांना सांग, घंटा झाली," ते म्हणाले.

गौरम्मा धावत आल्या. आम्ही दोघींनी त्यांना पडवीत आणून बसवलं. यंत्र पिशवीत होतं म्हणून देवाचे आभार. बोट टोचलं, आकडा आला एकोणपन्नास.

गौरम्मांनी तांब्याभर पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि पेला अप्पांच्या तोंडाला लावला. एक घोट घेऊन अप्पांनी पेला ढकलला.

"हे साधं पाणी आहे. साखर घाला म्हटलं ना. फसवता काय मला?"

पानाचा अंमल जिभेवर अजून होता! जीव साखरेवर अडलेला आणि जीभ साखर ओळखेना. मी समजावते आहे, ते मान फिरवत आहेत. शेवटी गौरम्मा त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि दरडावून म्हणाल्या, "प्या हो मास्तर. जिभेचं ऐकू नका, माझं ऐका."

ते प्यायले. सगळा पेला.

मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली नाही तर ताबडतोब जवळच्या दवाखान्यात न्या. वर आली तर लगेच पोटभर जेवू घाला, झोपेपर्यंत आणि पहाटेही मोजत राहा. आणि ती पूड पुन्हा तोंडात जाऊ देऊ नका. पंधरा मिनिटांनी आकडा एक्क्याऐंशी आला. मी तिथंच पोत्यावर बसले आणि थोडी रडले. गौरम्मांनी अप्पांना नाचणीचा गरम मुद्दे, म्हणजे उकडीचा गोळा, आणि सारू वाढला, मलाही वाढला.

जेवून अप्पा माणसात आले, तेव्हा खजील आवाजात म्हणाले, "पानं जास्त चावली मी."

"पानं?" गौरम्मा म्हणाल्या. "माझी सासू रोज दोन पानं खाते. या बायका खुडता खुडता चघळतात. वीस वर्षांत इथं कुणी असं पडलं नाही. तुम्ही दुसरं काय घेता?"

अप्पांनी मुकाट्यानं डबा पुढे केला.

गौरम्मांनी वास घेतला. मग बोटाच्या टोकानं पूड जिभेवर ठेवली, घोळवली, बाजूला थुंकली, आणि वरून साखरेचे चार दाणे तोंडात टाकले. आम्ही बघत होतो.

"गोड लागते," त्या म्हणाल्या. "चांगली गोड लागते. मास्तर, यात माझा पाला नाही. कुणाचाच नाही."

अप्पांनी डबा परत हातात घेतला आणि झाकण घट्ट लावलं. मग अप्पांनी जो प्रश्न विचारला, त्यासाठी मला त्यांचा आजही अभिमान आहे. त्यांनी बाजू सावरली नाही, सबब सांगितली नाही. ते म्हणाले, "मग माझी साखर उतरली कशानं?"

शनिवार: जिगणी

रात्र आणि पहाट मोजमापात गेली, आकडे सांभाळून राहिले. सकाळी पोटभर उपमा खाऊन आम्ही इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्रा करत जिगणीच्या औद्योगिक वसाहतीत पोचलो. हा रस्ता सहलीचा नव्हे, ट्रक आणि धुळीचा. पण ज्या कारखान्यात रूपा काम करते, त्याच्या फाटकातून आत गेलं की कारल्याचा, मेथीचा, सुक्या पाल्याचा असा वास येतो की आपण मोठ्या स्वयंपाकघरात शिरलोय असं वाटतं. आधी विचारून परवानगी घेतली होती, डोक्याला टोप्या आणि पायांत कव्हर घालूनच आत सोडलं.

रूपा तिथल्या तपासणी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. अप्पांना तिनं वाकून नमस्कार केला. "सरी, बरं अप्पा, सांगा. काय बघायचं?"

अप्पांनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या, गौरम्मांनी दिलेली पानांची पुडी आणि डबा.

रूपानं कपाटातून तिसरी गोष्ट काढली, साखरेवरची एक जुनी, स्वस्त गोळी. "भेसळ करणारे बहुतेक हीच कुटून घालतात," ती म्हणाली. मग तिन्ही वेगवेगळ्या नळ्यांत स्पिरिटमध्ये घुसळून गाळलं. पांढरा लेप दिलेली, पोस्टकार्डापेक्षा लहान काचेची पट्टी घेतली, खालच्या कडेला केसासारख्या बारीक नळीनं तीन ठिपके दिले. डावीकडं पाला, मधे डबा, उजवीकडं गोळी. पट्टी काचेच्या बरणीत उभी केली, तळाला बोटभर द्रव. द्रव हळूहळू पट्टीवर चढू लागला.

अप्पा खुर्चीतून उठले. बरणीजवळ गेले.

"ही तर शाई," ते पुटपुटले.

"काय अप्पा?"

"नववीचा प्रयोग. टीपकागदावर काळ्या शाईचा ठिपका, कागद पाण्यात. पाणी चढतं तशी शाई फुटते. निळा वेगळा, लाल वेगळा. ज्याचा त्याचा रंग ज्याच्या त्याच्या उंचीवर जाऊन थांबतो." त्यांचा आवाज बदलला होता. "तीस वर्षं हा करून दाखवलाय मी."

"तोच, अप्पा," रूपा म्हणाली. "आमचा स्वल्प महाग आहे, इतकंच."

अर्ध्या तासानं तिनं पट्टी सुकवली, काळ्या पेटीत जांभळ्या दिव्याखाली ठेवली आणि बाजूला झाली. "तुम्हीच बघा."

अप्पांनी डोळा लावला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. डावीकडे पाल्याच्या वाटेवर खालपासून वरपर्यंत कितीतरी ठिपके होते, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. मधल्या वाटेवर पायऱ्या नव्हत्याच. एकच गडद ठिपका होता. आणि उजवीकडे, गोळीच्या वाटेवर, अगदी त्याच उंचीला, तसाच गडद ठिपका.

रूपा काही बोलायच्या आत अप्पाच बोलले, फळ्यासमोर बोलायचे तसे, सावकाश, स्पष्ट. "डब्यात पाला नाही. डब्यात गोळी आहे. मी गोळी सोडून गोळीच घेत होतो. आणि किती, ते मोजत नव्हतो."

"हा संशय झाला, अप्पा. पुरावा मोठ्या यंत्रावर मिळेल. मी सोमवारी सांगते," रूपा म्हणाली.

पण अप्पांचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला होता. "मीने, बाकीच्या सात जणांचं काय?"

फाटकाबाहेर येईपर्यंत त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. "पाटील, तो डबा बंद करा. आत्ता. नाही, नंतर सांगतो, आधी काहीतरी खाऊन घ्या." असे सहा फोन. सातवा मूर्तींचा, बँकेतून निवृत्त झालेले, एचएसआरमध्ये राहणारे. फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मूर्तींच्या पत्नी मुलीकडे म्हैसूरला गेल्यात, हे अप्पांना ठाऊक होतं.

"गाडी तिकडं घे," ते म्हणाले.

जिगणी ते एचएसआर आम्ही पाऊण तासात आलो. मला तो अर्धा दिवस वाटला. सोसायटीच्या रखवालदारानं शेजारणीकडून किल्ली आणली. मूर्ती सोफ्यावर बसलेले होते, टीव्ही चालू, बनियन घामानं चिकटलेलं, अप्पांकडे बघून त्यांना ओळख पटेना. आकडा आला त्रेचाळीस. शेजारीण ॲम्ब्युलन्सला फोन करत होती. मूर्तींना गिळता येत होतं, म्हणून अप्पांनी साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. एका हातानं मान धरून, दुसऱ्या हातानं पेला. "मूर्ती, पी. मी तुला हे घ्यायला लावलं, आता हेही माझ्याच हातून पी."

चौथ्या-पाचव्या घोटानंतर मूर्तींनी डोळे मिचकावले आणि कन्नडमध्ये विचारलं, "मास्तर, तुम्ही माझ्या घरात काय करताय?"

मी अप्पांना इतक्या मोठ्यानं हसताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. हसताना त्यांचे डोळे वाहत होते. हॉस्पिटलात मूर्तींना दोन दिवस ठेवून घेतलं, कारण तसल्या गोळीनं साखर पुन्हा पुन्हा पडते म्हणे. आणखी एखादा तास उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

घरी

रविवारी सकाळी अप्पा नेहमीपेक्षा लवकर बागेत गेले. मीही गेले. सगळे जमल्यावर ते सिमेंटच्या बाकावर चढून उभे राहिले आणि आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, सगळं सांगितलं. घामापासून सुरुवात करून पट्टीवरच्या ठिपक्यापर्यंत. "विकणाऱ्यानं फसवलं हे खरं. पण मी मास्तर असून तपासलं नाही, ही चूक माझी." कुणीतरी रागावेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पाटीलकाका घरी जाऊन डबा घेऊन आले. मग दुसरे, मग तिसरे. सकाळ संपता संपता माझ्या पिशवीत सहा डबे होते.

सोमवारी रूपाचा फोन आला. यंत्रानंही तेच सांगितलं. अप्पांनी स्वतःच्या अक्षरात चार पानी तक्रार लिहिली आणि डबे, निकाल, सगळं घेऊन औषध विभागाच्या कार्यालयात गेले. हॉस्पिटलातून सुटलेले मूर्ती त्यांच्याबरोबर हट्टानं गेले. काही आठवड्यांनी त्या डब्यावरचा नंबर लागेनासा झाला. तो व्हिडिओही दिसत नाही.

डॉक्टरांकडे जायची मला आठवण करून द्यावी लागली नाही. गोळ्या नव्यानं, नीट मोजून सुरू झाल्या. संध्याकाळचं चालणं वाढलं, भात अर्ध्यावर आला. पाल्याबद्दल अप्पांनी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, पाला थोडीफार मदत करत असेलही, पण गोळ्यांसोबत घेतला तर साखर जास्त उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना न सांगता काही नको. तुमच्यापैकी कुणी असा अर्क घेत असेल तर तेवढंच लक्षात ठेवा. आणि पत्ता नसलेला डबा घेऊ नका.

तीन महिन्यांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती रक्ततपासणी केली. रिपोर्ट बघून डॉक्टर उठून उभे राहिले आणि अप्पांशी हात मिळवला. अप्पा रिपोर्ट घेऊन एकटे बसनं गौरम्मांच्या शेतावर जाऊन आले. मॅजेस्टिकहून मागडीची बस, पुढे रिक्षा. येताना वाटेत उतरून सावनदुर्गच्या पायथ्याशी तासभर चालले. आईला म्हणाले, पुढच्या थंडीत अर्ध्यापर्यंत चढणार. आईनं विरोध केला नाही, नवीन बूट आणायला सांगितलं.

या तीन दिवसांत मी फारसे फोटो काढले नाहीत. राहिलं ते वेगळंच. आपले वडील आपल्यापुढे म्हातारे होतात, हट्टी होतात, हे आपण बघत असतो. पण चूक दिसल्याबरोबर ती उचलून, सात जणांसाठी धावत सुटणारे अप्पा मला या सहलीत दिसले. यापुढे त्यांच्याशी वाद घालताना मला ते आठवणार.

परवा खानापूरहून त्यांच्या एका जुन्या मित्राचा फोन आला. कुणीतरी गुडघेदुखीवर जालीम तेल काढलंय, हजारोंना गुण आलाय, अप्पांनी मागवावं म्हणून आग्रह चालला होता. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग कागद-पेन जवळ ओढलं आणि म्हणाले, "पत्ता सांग. आधी जाऊन बघतो."